झोळीतून कॉटमध्ये



शेगावच्या एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र समोर आहे. नाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून ते छापत नाही. पण पत्रातली अडचण काही त्यांच्या एकटीची नाही. लेक दहा महिन्यांची. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यापासून त्या रोज गाडीने अकोल्याला अपडाऊन करतात. सकाळी आठला घर सोडायचं, संध्याकाळी साडेसहाला परत. दिवसभर लेक आजीजवळ. जन्मल्यापासून ती आजीच्याच जुन्या लुगड्याच्या झोळीत निजत आली. मागच्या महिन्यात मात्र ती झोळीत उठून बसली, काठावरून वाकली आणि खाली आली. खाली सतरंजी होती म्हणून टेंगळावर निभावलं. दुसऱ्याच दिवशी बाबांनी खामगावहून कठड्याची कॉट आणली.

कॉट आली आणि झोप गेली! पाठ टेकवली की किंकाळी. रात्रीतून चार-पाचदा उठणं. भगिनी लिहितात, ‘‘मी तिला घेऊन हॉलमधल्या सोफ्यावर बसते. परवा बसल्या बसल्या माझाच डोळा लागला. दचकून जागी झाले तर ती माझी कूस आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत सरकलेली, तोंड उशीवर दाबलेलं. ती ठीक आहे. पण तेव्हापासून माझ्या पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात, ‘अवं, लेकराले झोयीत टाक, पाच मिन्टात निजते.’ मी काय करू?’’

आधी सोफ्याचं बोलू, कारण बाकी सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबून चालणार नाही. बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोप लागणं ही सगळ्यांत धोक्याची झोप. मऊ पाठ, मऊ हात, मधे फट. थकलेल्या आईला कळतही नाही. रात्री बाळाला घेऊन बसायचंच असेल आणि डोळे मिटतायत असं वाटत असेल, तर सोफा सोडा. जमिनीवर पातळ, घट्ट गादी टाका, उशा-पांघरुणं बाजूला सारा, भिंतीपासून लांब, आणि तिथे बसा. डोळा लागलाच तर निदान फट नाही, उंची नाही. आणि हो, दोन रात्रींआड एक रात्र बाळाच्या बाबांनी उठावं. त्यांनाही दोन हात आहेत.

आता झोळी. झोळीला नावं ठेवायचा माझा विचार नाही. शेतावर, खळ्यावर, बांधकामावर, रेल्वेच्या डब्यात, कुठेही दोन गाठी मारल्या की लेकरू निजतं. पण बाळ कुशीवर वळायला, उठून बसायला लागलं की झोळीचे दिवस संपले, पाळण्याचेही संपले. बसतं झालेलं मूल वाकतं, पाळणा कलंडतो. झोळीला तर पीळ बसतो. साडीच्या झोक्यात मान अडकून लेकरं दगावल्याच्या नोंदी आपल्याकडच्या डॉक्टरांनी लिहून ठेवल्या आहेत. तेव्हा आजींना सांगायचं ते एवढंच, की झोळी वाईट नव्हती, लेकरू मोठं झालं. पडल्याचं आजींनीही पाहिलंय. पटेल त्यांना.

पण कॉटमध्ये ती ओरडते का? खोड म्हणून नाही. दोन कारणं आहेत, आणि ती समजली की निम्मं काम झालं.

समजा तुम्ही शेगावला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलात, बर्थवर आडव्या झालात, छान झोप लागली. आणि जाग आली ती मूर्तिजापूरच्या फलाटावर, चादर नाही, सामान नाही! ओरडाल की नाही? बाळाचं असंच होतं. बाळाच्या झोपेचा एक फेरा साधारण तासाभराचा. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी ते किंचित जागं होतं. आपणही होतो, पण कूस बदलतो आणि विसरतो. बाळ डोळे उघडून पाहतं की मघा होतं ते सगळं जागेवर आहे ना. झोका घेता घेता झोप लागली होती, आता झोका नाही. आईच्या दंडावर डोकं होतं, आता दंड नाही. मग ते हाक मारतं. ज्या आधारावर झोप लागली तोच आधार ते परत मागतं, दुसरं काही नाही. म्हणून झोपलेलं बाळ हळूच कॉटमध्ये ठेवण्याची आपली जी कसरत चालते, श्वास रोखून, चवड्यांवर चालत, ती तासाभरापुरती. खरी युक्ती अशी, की बाळाला पेंगुळलेलं पण जागं असताना कॉटमध्ये ठेवावं, म्हणजे झोप तिथेच लागेल आणि मधे जाग आली तरी भोवतालचं ओळखीचं असेल.

दुसरं कारण वयाचं. आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळाला कळू लागतं की आई नजरेआड गेली तरी ती कुठेतरी आहेच. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांच्या या समजेचा बारकाईने अभ्यास केला. आई आहे, पण इथे नाही, हे कळल्यावर रडू येणारच. त्यात या बाळाची आई सकाळी आठला जाते. संध्याकाळी सापडलेली आई रात्री पुन्हा सुटू नये एवढंच तिचं म्हणणं! यावर दिवसा खेळ खेळावा. कॉटमध्येच बसवून, कठड्याआड पदराने तोंड झाकून कूऽकूऽभॉ करावं. आई जाते आणि परत येते हे तिला हसत हसत कळतं आणि कॉट म्हणजे फक्त रडायची जागा राहत नाही. कठड्याला धरून उभ्या राहणाऱ्या पुष्कळ मुलांना खाली बसता येत नाही. रात्री उभं राहून रडण्याचं ते एक कारण असतं. दिवसा गुडघे वाकवून खाली बसायची सवय करून द्यावी.

कॉट कशी आहे तेही पाहा. कठड्याच्या दोन दांड्यांत सहा सेंटिमीटरहून जास्त फट नको. बाईची तीन बोटं जेमतेम जावीत. गादीचा तळ सगळ्यांत खालच्या खुंटीवर आणलाय ना? उभं राहणाऱ्या बाळाला वरची खुंटी म्हणजे उडी मारायला मचाण. गादी आणि कठडा यांमध्ये दोन बोटांहून अधिक जागा राहू नये. आपला मुलूख कापसाचा, त्यामुळे नव्या पिंजलेल्या कापसाची फुगीर गादी करण्याची हौस प्रत्येक आजीला असते. ती मोठ्यांना करा. बाळाची गादी घट्ट आणि सपाट हवी. हात दाबून उचलला की खळगा राहता कामा नये. वर्षाच्या आत उशी नको, मग ती मोहरीची असो की राळ्याची. गोधडी, लोकरीचं दुपटं, कापडी बाहुल्या, कठड्याला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, सगळं बाहेर. त्या पट्ट्या विकायला अमेरिकेत २०२२ साली कायद्याने बंदी झाली. वर टांगलेलं चिमणाळं बाळ हातांवर उठू लागलं की काढून टाकावं. गळ्यातली चेन, ताईत, काळा दोरा झोपताना काढावा. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या दोऱ्यानेच गळा आवळायला नको. पायातले वाळे घट्ट बसणारे असतील तर राहू द्या.

कॉट जुनी, कुणाकडून आलेली असेल आणि रंग उडत असेल, तर जरा थांबा. दात येणारं बाळ कठडा कुरतडतं. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण नव्वद पीपीएमवर आणणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. घरी खरवडत बसू नका, तो भुकटा आणखी वाईट. दुसरी कॉट पाहा.

बाळाला पाठीवर निजवावं. मग ते आपणहून पालथं झालं तर दहाव्या महिन्यात रात्रभर उठून उलटं करत बसायची गरज नाही. कॉट आई-बाबांच्या खोलीतच, पलंगाला लागून हवी. वेगळी खोली वगैरे परदेशी पुस्तकांतल्या गोष्टी. आपल्याकडे एवढ्या खोल्या आहेत कुणाच्या?

आता निजवायचा क्रम. शेगावच्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही, कारण शेजारती तुम्ही रोज ऐकता. देवालासुद्धा आपण एकदम दिवा मालवून ‘झोप’ म्हणत नाही. रोज त्याच वेळेला, त्याच क्रमाने, त्याच चालीत त्याला निजवतो. बाळाचंही तसंच करायचं. २००९ साली ४०५ आया आणि त्यांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात आंघोळ, मालिश आणि मग शांतपणे जवळ घेणं, एवढा साधा क्रम दोन आठवडे रोज पाळला. मुलं लवकर झोपू लागली, कमी उठू लागली, आणि आयांचाही जीव हलका झाला.

आपल्या भगिनीच्या घरचं वेळापत्रक मी असं मांडते. साडेसहाला घरात पाऊल टाकताच हातपाय धुऊन आधी बाळाला पाजायला घ्यावं; स्वयंपाक, पाहुणे, फोन, सगळं नंतर. मग थोडं हुंदडणं. साडेसातला मऊ खिचडी किंवा वरणभात. आठला कोमट पाण्याने अंग पुसणं किंवा आंघोळ, तेलाचा हलका हात, सुती झबलं. सव्वाआठला दिवा लागलेला असताना पाजणं, आणि तोंडात दूध असतानाच झोप लागू न देणं. मग दिवा मंद, एक गाणं, आणि पावणेनऊपर्यंत कॉट. गाणं आजींनी म्हणावं. आपल्या भाषेत पाळणा म्हणजे ती वस्तूही आणि ते गाणंही; वस्तू गेली तरी गाणं ठेवायला काय हरकत आहे? याच बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजात, जिजाऊंच्या जन्मगावी, असे पाळणे किती पिढ्यांनी गायले असतील!

एक अडचण मला पत्रातल्या दोन ओळींतून दिसली. आजी लेकीला संध्याकाळी पाचला निजवतात, का तर आई येईपर्यंत ताजीतवानी राहावी. हेतू मायेचा. पण साडेसहापर्यंत झोपलेलं मूल पावणेनऊला कसं निजणार? दहा महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन झोपा पुरतात, आणि दुसरी झोप चारच्या सुमारास संपावी. रात्र-दिवस मिळून या वयात १२ ते १६ तास झोप हवी, वर्षानंतर ११ ते १४. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सतरा देशांतल्या २९,२८७ लहानग्यांची झोप नोंदवली होती, त्यांत आपला देशही होता. न्यूझीलंडमधली मुलं साधारण साडेसातला निजतात, हाँगकाँगची सव्वादहाला. आशियातल्या देशांतली मुलं एकंदर उशिरा निजतात आणि एकूण झोपही कमी घेतात. आपल्या घरांत साडेसात शक्य नाही, मान्य. पावणेनऊ शक्य आहे.

कॉटमध्ये ठेवल्यावर काय करायचं? काही पुस्तकं सांगतात की बाहेर जा, तीन मिनिटांनी येऊन पाहा, मग पाच, मग दहा. रीत खोटी नाही. पण तीन पिढ्यांच्या घरात ती टिकत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आई दाराबाहेर घड्याळ बघत उभी, आणि सातव्या मिनिटाला आजोबा बाळाला उचलून ओट्यावर! मग बाळ शिकतं काय, तर सात मिनिटं रडलं की ओटा मिळतो. दुसऱ्या दिवशी ते पंधरा मिनिटं रडतं. त्यापेक्षा बाळाजवळ बसून हळूहळू लांब होण्याची रीत घ्यावी.

पहिल्या तीन रात्री आपलं अंथरूण कॉटला चिकटवून, हात आत घालून थोपटावं. ती उठून उभी राहील. एक-दोनदा शांतपणे आडवं करावं. त्याचा खेळ होऊ लागला तर गादीवर थोपटत राहावं, ती आपोआप खाली येते. बोलायचं कमी, रोज तेच शब्द, ‘निज आता’. रडणं फार वाढलं तर उचलून छातीशी धरावं, शांत झाली की डोळे मिटायच्या आत परत ठेवावं. चौथ्या रात्रीपासून थोपटणं बंद, हात नुसता अंगावर. त्यानंतर हात काढून फक्त शेजारी बसणं. मग बसायची जागा दर दोन-तीन रात्रींनी हातभर मागे. मध्यरात्री जाग आली तर त्या दिवशीची जी पायरी असेल तीच. दोन ते तीन आठवडे लागतात. पाचव्या-सहाव्या रात्री रडणं एकदम उसळू शकतं; तिथेच पुष्कळजणी झोळी परत बांधतात. कॉटवर घालायची चादर आधी दोन रात्री स्वतःच्या अंथरुणावर घालून घ्यावी, आईचा वास येतो. सैल कापड मात्र आत टाकू नये.

‘‘रडू दिलं तर मनावर परिणाम नाही ना होणार?’’ भगिनींनी विचारलंय. जवळ बसलेल्या आईच्या हाताखाली थोडं कुरकुरणं म्हणजे टाकून देणं नव्हे. मेलबर्नमध्ये सात-आठ महिन्यांच्या बाळांच्या आयांना अशाच रीती शिकवून, मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. २०१२ साली निष्कर्ष आले. मुलांच्या मनावर, वागण्यावर, आई-मुलाच्या नात्यावर कसलाही वाईट परिणाम आढळला नाही.

अंगावरचं दूध तोडायचं नाही. दिवसभर आईपासून लांब असलेली मुलं रात्री जास्त पितात, ते त्यांचं वसूल करणं असतं! तेव्हा रात्रीचं एक पाजणं खुशाल ठेवा, बाकीच्या वेळी थोपटा. बाटली तोंडात देऊन कॉटमध्ये निजवू नये, दात किडतात. वर्षाच्या आत मध चाटवू नये.

आणि झोपेचं औषध? कुणी सुचवलं तरी नाही. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया लेकरांना अफूच्या बाळगोळ्या देऊन जात. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या, मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनच्या अहवालात त्याची नोंद आहे. त्या बायांना दुसरा मार्ग नव्हता. आज तीच चूक सर्दीच्या औषधाने होते, दोन थेंब दिले की मूल गुंगतं. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं आहे. २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या औषधाने लहान लेकरं गेली, ते विसरण्याजोगं नाही.

शेगावच्या घरांची आणखी एक गोष्ट असते, पाहुणे. गुरुवार, प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी. दर्शनाला आलेलं माणूस ओळखीच्या घरी टेकणारच, आणि रात्री नऊला ‘‘बाळ दाखवा ना’’ म्हणणारच. त्यांना चहा द्या, कचोरी द्या, आणि बाळाचं दर्शन सकाळी मिळेल म्हणून हसून सांगा. हे सांगायचं काम सासूबाईंनी घेतलं तर कुणाला राग येत नाही. नवी सवय मात्र उत्सवाच्या आठवड्यात सुरू करू नका. गाड्यांच्या भोंग्यांची काळजी नको, स्टेशनाजवळच्या बाळांना त्याची सवय असते; दिवा, टीव्ही आणि मोबाईलचा उजेड झोप जास्त घालवतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा कूलरशिवाय इलाज नाही. कॉट कूलरच्या थेट झोतात नको आणि हाताच्या अंतरावर तर मुळीच नको. पत्र्याच्या कूलरला शॉक लागून दरवर्षी माणसं जातात. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. पाणी रोज बदला, टाकी घासा. एक सुती झबलं पुरे. मानेमागे हात लावून पाहावा, घाम असेल तर कपडे कमी करावेत. मच्छरदाणी ताणून बांधावी, आत लोंबू देऊ नये; बंद खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा धुरी नको.

ताप, कानाला सारखा हात, उलट्या, झोपेत घोरणं किंवा श्वास अडखळणं, वजन न वाढणं, यांपैकी काही असेल तर शिकवणी बंद आणि आधी डॉक्टर. आजारपणात बाळाला हवं तेवढं जवळ घ्या. बरं झाल्यावर, किंवा चार दिवस माहेरी राहून आल्यावर, हात अंगावर ठेवायच्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. या वेळी तीन-चार रात्रींत जमतं.